आपट्याची कागदी पाने

वडील आषाढात गेले. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मी धुळ्याहून एसटीने गावी आले, ती त्यांची पुस्तके आवरायला. पारोळ्याच्या अलीकडे फाट्यावर उतरले की दहा मिनिटांत आमचे घर येते. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढे लांबट ओटा. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि वडील तिथे एकटेच राहत. गाव त्यांना नाना म्हणे. मीही नानाच म्हणायचे.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तके लावणे, काढणे, पुसणे यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. म्हणून वाटले होते की हे काम दहा दिवसांत सहज उरकेल. पहिल्या दिवशी मी एका कप्प्यातली सात पुस्तके बाहेर काढली, सातही पुन्हा आत ठेवली आणि ओट्यावर येऊन बसले.

नाना शाळामास्तर होते; हा ओटा म्हणजे त्यांची निवृत्तीनंतरची शाळा. आश्विनात आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी लागते. बाया सकाळी उजाडताच शेतात जातात त्या दिवेलागणीला परततात. बालवाडी दुपारी सुटते, पहिलीची पोरे संध्याकाळी मोकळी होतात. तेवढ्या वेळात ती कुठे भटकू नयेत म्हणून नानांनी त्यांना ओट्यावर बसवायला सुरुवात केली. गोष्टी सांगून झाल्या, गाणी झाली. मग घोटीव कागद आले. चार वर्षांपासून सात वर्षांपर्यंतची लेकरे, त्यांच्या हातांना जमेल तेवढेच नाना शिकवत. चार घड्यांत कापसाचे बोंड, तीन घड्यांत कोजागिरीचा चंद्र, भुलाबाईच्या खिरापतीसाठी झाकणाची डबी. रोज संध्याकाळी पोरी भुलाबाईची गाणी म्हणत आणि खिरापत ओळखायला लावत, तेव्हा त्या कागदी डब्या कानाशी नेऊन हलवल्या जात. आवाजावरून शेंगदाणे की फुटाणे ते कळे.

आणि दसऱ्यासाठी आपट्याचे पान.

या पानामागे एक झाड होते. शाळेच्या मागे, नाल्याच्या काठावर. गावात आपट्याचे झाड तेवढे एकच. दसऱ्याला सोने म्हणून त्याची पाने वाटायची, तर सारा गाव त्याच्यावर तुटून पडायचा. लांब बांबूला कोयता बांधलेली आकडी घेऊन नवरात्र मंडळाची तरणी पोरे चढत आणि पानांसाठी फांद्याच खाली पाडत. चार वर्षांपूर्वी एक मोठी फांदी खोडासकट चिरत खाली आली. निम्मे झाड गेले. तेव्हा नानांनी ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर उभे राहून सांगितले की झाड भरून येईपर्यंत गावाचे सोने माझी लेकरे करतील. लोक हसले. पण पुढच्या दसऱ्याला प्रत्येक उंबऱ्यावर हिरव्या कागदाची पाच पाने पोहोचली आणि मग ती रीतच पडली. झाडाला नवी फूट आली होती. चिरलेल्या बाजूलाही कोवळ्या डहाळ्या धरल्या होत्या.

मी ओट्यावर बसलेली पाहून आबा आले. आबा नानांचे बालमित्र, त्यांच्याच वर्गातले. पिठाची गिरणी आता मुलाकडे देऊन ते दिवसभर पारावर असतात. गावात वयाने सगळ्यांत मोठे म्हणून नवरात्र मंडळाची पोरे काहीही करण्याआधी त्यांना विचारतात. त्यांनी चहा घेतला, पुस्तकांची विचारपूस केली आणि मग बशी खाली ठेवून सांगितले की यंदा पुन्हा झाडाच्या फांद्या पाडायचे ठरते आहे. पोरे आकडीला धार लावून बसली आहेत.

“नाना गया, ते नानानी रीत बी गयी,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता, हवापाण्याबद्दल बोलावे तसे ते बोलले.

मी विचारले की पाने तयार मिळाली तर? त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. लहानपणी मला वहीला पुठ्ठा चढवता येत नव्हता, तो नाना चढवून देत, हे त्यांना पक्के आठवत होते आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. मग जरा थांबून म्हणाले, “आनि दुखवटाना घरनं सोनं कोन लेई?”

हे खरे होते. ज्या घरात माणूस गेले, त्या घरात वर्षभर सण नसतो. असे घर कुणाला सोने द्यायला जात नाही, कुणी त्याच्याकडून घेतही नाही. तरी जाताना आबा उंबऱ्याजवळ वळले आणि खंडेनवमीपर्यंत मुदत देऊन गेले. नवमीच्या संध्याकाळी गावातल्या सगळ्या उंबऱ्यांची पाने तयार दिसली, तर झाडाला हात लागणार नाही. नाही दिसली, तर दसऱ्याच्या पहाटे आकडी निघेल.

गावात दीडशेच्या आसपास उंबरे. नऊ-दहा दिवस. आणि मला पानाची एकही घडी येत नव्हती.

नानांनी शिकवलेले कुठे लिहून ठेवले नव्हते. मी कपाट पाहिले, वह्या पाहिल्या. त्यांच्या टेबलाच्या खणात एक स्टीलचा डबा निघाला. त्यात गेल्या वर्षीचे एक बोंड, एक चंद्र आणि एक आपट्याचे पान होते. पान नानांच्या हातचे होते. त्यांची घडी ओळखू येई, नखाने दाबून घेतलेली, काठाला काठ भिडलेला. ते पान कसे केले हे कळायला एकच उपाय होता, आणि तो म्हणजे ते उलगडणे.

मी ते दोन तास समोर घेऊन बसले. एकदा उलगडले की पुन्हा तसे होणार नाही, हे मला ठाऊक होते. शेवटी उलगडले. एकेक घडी उघडताना मी ती कुठून कुठे गेली ते कागदावर लिहीत गेले. संपूर्ण उघडल्यावर हातात हिरवा चौकोन राहिला आणि त्यावर पांढुरक्या रेघा. त्या रेघा मी नंतर पाठ केल्या. चौकोनाचा त्रिकोण. त्रिकोणाची लांब बाजू खाली, टोक वर. खालच्या बाजूच्या मध्याशी धरून तिचे दोन्ही कोपरे वर उचलायचे, जरा बाहेर झुकलेले. मग दोन कोपऱ्यांच्या मधले टोक मागे दुमडायचे. दोन्ही कोपऱ्यांच्या अण्या, म्हणजे टोके, थोडी मागे. झाले आपट्याचे पान, दोन पाकळ्यांचे. वर्तमानपत्राचे वीस चौकोन वाया गेल्यावर मला एक बरे पान जमले.

घटाच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन बाईंना विचारले आणि संध्याकाळी ओट्यावर चौदा लेकरे आली. मी सतरंजी टाकली. त्यांना माझ्याकडे तोंड करून बसवले आणि स्वतः भिंतीला पाठ लावून समोर बसले, कारण शिकवणारा माणूस समोर बसतो हे मला माहीत होते. चौकोन वाटले. कागद कर्णावर दुमडा, असे मी म्हणाले. कुणीच काही दुमडले नाही. तेव्हा मी करून दाखवले. पुढची घडी दाखवली, त्यापुढची दाखवली. लेकरे माझ्या हातांकडे डोळे लावून मन लावून करत होती. मला वाटले, जमते आहे.

शेवटी मी माझे पान दोन्ही हातांनी धरून सतरंजीवर ठेवले आणि त्यांनी आपापले ठेवले. बालवाडीतला एक लहानगा भुंकला. मग सगळी भुंकायला लागली.

त्यांच्यासमोर चौदा कुत्री होती. कपाळ रुंद, दोन्ही कान लोंबते. मी माझे पान वळवून त्यांच्या बाजूने पाहिले, तर तेही कुत्रेच. मी सरळ धरलेले पान त्यांना उलटे दिसत होते आणि उलटे आपट्याचे पान म्हणजे कान पाडलेले कुत्रे. त्यांनी समोर दिसले ते मनापासून केले होते. कपाळ नीट यावे म्हणून कोपरे मुद्दाम दूर धरून दुमडले होते, त्यामुळे ती फिरवून घेतली तरी त्यांची पाने होत नव्हती. एकीने पेन्सिलीने डोळे काढले, नाक काढले आणि घरी न्यायला मागितले.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, कोपरे वर घ्या. काहींचे वर माझ्याकडे होते, काहींचे स्वतःकडे. त्या दिवशी कुत्री कमी झाली, पण पान एकही झाले नाही. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर आकृत्या काढल्या, बाणांसकट. सहा वर्षांचे मूल आकृती वाचत नाही, हे मला फळा पुसताना कळले. आबा रस्त्याने चालले होते. ते ओट्याशी थांबले, सतरंजीवरची रांग पाहिली आणि अगदी गंभीरपणे विचारले, “काय वं, कुत्रास्नी शाळा काढी का?” लेकरे त्यांच्याकडे पाहून एका सुरात भुंकली. मीही हसले. आषाढानंतर पहिल्यांदा हसले असेन. पण आबा गेल्यावर मी आत जाऊन बराच वेळ नानांच्या उलगडलेल्या चौकोनाकडे पाहत उभी राहिले. पाच दिवस उरले होते आणि मी एक पान मोडून बसले होते.

चौथ्या दिवशी कागद वाटताना पहिलीतली एक मुलगी उठून माझ्याजवळ आली. ती गेल्या वर्षीही यायची. बोलायला संकोची, बोटे मात्र चलाख. तिने माझी ओढणी धरून मला उठवले, सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि तिथे बसायला सांगितले. म्हणजे लेकरांच्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून.

“नाना आमनासंगे बठेत,” ती म्हणाली. “भितीकडे तोंड करीसन.”

म्हणजे नाना त्यांच्यासमोर कधी बसलेच नव्हते. ते रांगेत मधोमध बसत, दोन्ही बाजूंना पोरे, सगळ्यांची तोंडे एकीकडे. त्यांचे वर ते पोरांचे वर. त्यांचा उजवा हात तो पोरांचा उजवा हात. चाळीस वर्षे शिकवत आलेला माणूस फळ्याकडे पाठ आणि मुलांकडे तोंड करून उभा राहून दमला असेल, आणि म्हातारपणी त्याला ही जागा सापडली असेल. मला ती कधी दिसली नव्हती, कारण मी यायची तेव्हा सुटीचा दिवस असे आणि ओटा रिकामा.

मी रांगेत बसले. उजवीकडे ती मुलगी, डावीकडे भुंकणारा लहानगा. मी म्हणाले, आता कागद कर्णावर. तिने मान हलवली. “नही. माय कापूसले जास,” ती म्हणाली, आणि तिने कागदाचा त्रिकोण करून पुढे ठेवला. वेचणीला जाताना बाया डोक्याला तिरपी घडी घातलेला रुमाल बांधतात, तसा तो रुमाल होता.

मग तिने आणि तिच्या पाठोपाठ गेल्या वर्षीच्या दोघी-तिघींनी मला नानांची सगळी रीत सांगितली. पानाला घड्या नव्हत्याच, एक गोष्ट होती. माय कापसाला जाते, डोक्याला रुमाल बांधते. शेतात पोचली की दोन्ही हातांनी पदर उचलून कमरेला खोचते. हे दोन्ही कोपरे वर. ऊन उतरले की डोक्यावरचा रुमाल मागे ढकलते. हे मधले टोक मागे. घरी येते आणि कापसाने चिरलेली बोटे दुमडून घेते. या दोन अण्या मागे. जी लेकरे दिवसभर आईची वाट पाहत ओट्यावर बसत, त्यांना नानांनी आईचा दिवस घडी-घडीने हातात दिला होता. अशी गोष्ट कोण विसरेल? मला ती माहीत नव्हती, म्हणून मी कर्ण शोधत बसले होते.

त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत सतरंजीवर सोळा पाने झाली. भुंकणाऱ्याचे पान जरा चुरगळलेले होते, पण ते पान होते. बाया शेतातून परतल्या, आपापली लेकरे न्यायला थांबल्या. एकीच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. तिचा मुलगा तिला पान दाखवत रुमाल, पदर, ऊन, बोटे असे सगळे सांगत गेला आणि ती रस्ताभर हूं हूं करत गेली.

पुढचे दिवस भरभर गेले. चौदाची वीस झाली, वीसची सव्वीस. एक सतरंजी पुरेना म्हणून आम्ही भिंतीकडे तोंड करून दोन रांगा लावल्या आणि मागच्या रांगेला पुढच्यांची पाठ दिसू लागली. पण आता कुणाला माझे हात पाहायची गरज उरली नव्हती. माय कापूसले जास, असे एकाने म्हटले की सगळ्यांचे कागद एकदम दुमडत आणि त्यांचा बारीक करकर आवाज ओट्यावर उठे. घोटीव कागद संपला, तो पारोळ्याहून आणवला. तोही संपला, तेव्हा शाळेच्या बाईंनी हिरव्या पताकांचा गठ्ठा पाठवला. मोठ्या मुली भुलाबाई आटोपून येत आणि पाच-पाच पाने दोऱ्याने बांधून जुड्या करत. माझ्या घड्या अजून नानांसारख्या नव्हत्या. लहान्यांच्या मात्र बऱ्याच जवळ आल्या होत्या. लेकरे नखाने दाबून घेत होती.

खंडेनवमीच्या दुपारी जुड्या मोजून झाल्या. सगळ्या उंबऱ्यांना पुरतील इतक्या होत्या आणि वर थोड्या. त्या एका सुपात रचून आम्ही ओट्यावर ठेवल्या.

आबा आले तेव्हा त्यांच्यामागे मंडळाची चार पोरे होती. एकाच्या खांद्यावर आकडी होती, कोयत्याला ताजी धार. आबांनी सुपातली एक जुडी उचलली, दोरा सोडला आणि पाची पाने तळहातावर मांडली. एकेक उलटून पाहिले. एका पानाची एक पाकळी दुसरीपेक्षा मोठी होती. ते पान त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. लेकरे रांगेत भिंतीला टेकून उभी होती, पहिल्यांदाच रस्त्याकडे तोंड करून.

आबांनी पाने पुन्हा बांधली. मग मंडळाच्या पोरांकडे वळून आज काय आहे, असे विचारले. पोरे म्हणाली, खंडेनवमी. खंडेनवमीला काय करतात? हत्यारांची पूजा. मग आकडी हे हत्यार आहे की नाही? पोरे एकमेकांकडे पाहायला लागली. आबांनी आमच्याच ओट्यावर आकडी आडवी ठेवायला लावली. माझ्या घरात यंदा पूजा नव्हती, तेव्हा त्यांनी शेजारून हळदकुंकू मागवले, कोयत्याच्या पात्यावर बोटे ओढली, एक झेंडूचे फूल ठेवले.

“पूजेल हत्यारले दसरा होईलोंग हात लावाना नही,” ते म्हणाले. “ठेवा आठे.”

दसरा सरेपर्यंत आकडी तिथेच राहिली. पोरांपैकी एक हसू दाबत होता. जाताना त्याने सुपातले एक पान खिशात घातले.

माझ्यापुरता प्रश्न उरला होता तो दुखवट्याचा. मी आबांना सांगितले की पाने लेकरांनी केली आहेत, लेकरेच वाटतील, मी घराबाहेर पडणार नाही. ते बरे म्हणाले.

दसऱ्याच्या संध्याकाळी लेकरे नवे कपडे घालून आली, सूप घेऊन गेली. मी दार लोटून घरात बसले. पुस्तकांचा पहिला कप्पा एव्हाना आवरून झाला होता, दुसरा काढला. बाहेर सीमोल्लंघनाहून परतणाऱ्या लोकांचे बोलणे ऐकू येत होते. कुणाला एका पाकळीचे पान मिळाले म्हणून हसणे चालले होते, कुणी आपल्या नातवाने केलेले पान ओळखल्याचे सांगत होते. झाडाचे नाव कुणी काढले नाही. काढायला काही कारणच नव्हते. ते शाळेमागे होते तसे उभे होते.

दार वाजले. आबा होते, धुतलेले धोतर, डोक्यावर नवी टोपी. आत आले, नानांच्या खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसले. त्यांच्या दारी लेकरांनी जुडी दिली होती, तरी ते म्हणाले की ते सोने पोरांचे झाले, या घरचे नाही. मी म्हणाले, आबा, यंदा आमच्याकडे नसते ना.

“दुखवटा आज सरना,” वर्ष भरायची वाट न पाहता त्यांनी दुखवटा संपवून टाकला आणि हात पुढे केला. “दे.”

सगळ्या जुड्या वाटायला गेल्या होत्या. घरात एकही पान नव्हते. मी टेबलावरचा एक कागद घेतला, चौकोन फाडला आणि त्यांच्याशेजारी बसून दुमडला. रुमाल, पदर, ऊन, बोटे. थांबावे लागले नाही. पान त्यांच्या हातावर ठेवून मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी ते टोपीच्या घडीत खोचले, मला उठवले आणि दार सताड उघडून बाहेर गेले. ओट्यावरून त्यांनी रस्त्यावरच्या लोकांना मोठ्याने सांगितले की नानांच्या घरी सोने देतात, या.

लोक आले. आधी शेजारच्या बाया, मग मंडळाची पोरे, मग शाळेच्या बाई, मग जे फक्त ओळखीचे होते ते. प्रत्येक जण माझ्या हातावर पान ठेवत होता आणि मी देण्यासाठी कागद शोधत होते. टेबलावरचे कागद संपले. वर्तमानपत्रे संपली. शेवटी मी कपाटातून जुनी कॅलेंडरे काढली आणि ओट्यावर येऊन बसले. लोक थांबले होते. कुणाला घाई नव्हती. मी दुमडत होते, देत होते, आणि पुढचा माणूस वाकून हात पुढे करत होता.